एसटीची फेरी, पिकअप शेड आणि त्यामागचा पैसा : माहिती अधिकारात नेमका कागद कसा मागायचा

‘काका, जरा बघा’ म्हणून माझ्याकडे माहिती अधिकाराचे अर्ज येतात, तेव्हा त्यातले बहुतेक एकाच जागी अडकलेले असतात. अर्ज केलेला असतो, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावलेलं असतं, पोच असते, महिन्याने उत्तरही आलेलं असतं. उत्तरात एकच शब्द असतो : ‘निरंक’, म्हणजे आमच्याकडे काही नाही. अर्जदार समजतो, साहेबांनी लपवलं. तसं कधी कधी असतंही. पण दहातल्या सात-आठ अर्जांत चूक आपली असते. कागद ज्या कार्यालयात आहे तिथे अर्ज गेलेला नसतो, किंवा अर्जात कागद न मागता प्रश्न विचारलेले असतात.

कोकणात वस्तीची एसटी बंद झाली की दहावीच्या पोरांची शाळा बुडते आणि डायलिसिसचा माणूस रिक्षाला हजार रुपये मोजतो. म्हणून हे काम नीट व्हायला हवं. खाली क्रम दिला आहे, तो मोडू नका. दुसरा टप्पा गाळून पाचव्यावर उडी मारणाऱ्यांचेच अर्ज परत येतात.

टप्पा १ : एकच गोष्ट धरा आणि ती स्वतः मोजा

‘आमच्या तालुक्यातल्या एसटीची दुरवस्था’ हा अर्जाचा विषय होत नाही. ‘सकाळची ७.१० ची फेरी’ हा विषय होतो. ‘तिठ्यावरची पिकअप शेड’ हाही विषय होतो.

फेरीचं प्रकरण असेल तर एक वही घाला. तारीख, नियत वेळ, गाडी आली का, किती वाजता आली, किती माणसं चढली, किती उभी राहिली. निदान चार आठवडे रोज लिहा. एकट्याने जमत नाही. थांब्यासमोरचा दुकानदार आणि कॉलेजला जाणारी एखादी मुलगी, दोघांना सांगून ठेवा. नियत वेळ ऐकीव नको, बसस्थानकातल्या फलकावरून किंवा वाहतूक नियंत्रकांना विचारून घ्या. गणपती आणि शिमग्याच्या जादा वाहतुकीचे दिवस वहीत वेगळ्या खुणेने लिहा. त्या दिवसांत गाड्या इकडच्या तिकडे होतात, आणि नेमके तेच दिवस दाखवून तुमची सगळी वही खोटी ठरवली जाऊ शकते.

शेडचं प्रकरण असेल तर कामाच्या फलकाचा फोटो काढा. निधी कुठला, वर्ष कोणतं, रक्कम किती, ठेकेदार कोण, हे बहुतेक वेळा त्यावर असतं. फलक नसेल तर तो नाही याचाही फोटो काढा. मग टेप घेऊन लांबी, रुंदी, उंची, बसायचा कट्टा, पत्र्यांची संख्या लिहून घ्या. हे मोजमाप सातव्या टप्प्यावर लागणार आहे.

*सावधान :* ‘गाडी कधीच वेळेवर येत नाही’ हे वाक्य अर्जात, तक्रारीत, ग्रामसभेत कुठेही लिहू नका. एक दिवस जरी ती वेळेवर आली असेल तरी तुम्ही खोटे ठरता.

टप्पा २ : पैसा कोणाच्या पिशवीतून गेला ते शोधा

सगळ्यांत जास्त चुका इथे होतात. माझीही पहिली चूक इथलीच. आमच्या फाट्यावरची शेड दोन पावसाळ्यांत गळायला लागली. गाडी एसटीची, थांबा एसटीचा, तेव्हा शेडही एसटीचीच असणार, असं धरून मी आगाराकडे अर्ज केला. तीस दिवसांनी उत्तर आलं, ‘सदर कामाची माहिती या कार्यालयात निरंक आहे.’ शेड बांधली होती दुसऱ्याच खात्याने. माझा महिना फुकट गेला आणि त्यात पावसाळा आणखी एक झाला.

कोकणात प्रवासाच्या सोयींचा पैसा साधारण असा फिरतो :

गाड्या, फेऱ्या, आगारं, चालक-वाहक, डिझेल हे राज्य परिवहन महामंडळाचं. त्याची विभागीय कार्यालयं रायगडसाठी पेणला, रत्नागिरीसाठी रत्नागिरीत आणि सिंधुदुर्गसाठी कणकवलीत. फेरीविषयीचे कागद आगारात असले तरी जन माहिती अधिकारी कोण, हे कार्यालयातल्या फलकावर बघूनच अर्ज लिहा.

महिलांची निम्म्या तिकिटाची सवलत, पंचाहत्तरीच्या पुढच्यांचा मोफत प्रवास, विद्यार्थ्यांचे पास, यांचे पैसे राज्य शासन महामंडळाला भरून देतं. किती मागितले, किती मिळाले, किती थकले याचे कागद मुंबई सेंट्रलच्या वाहतूक भवनात आणि मंत्रालयात गृह विभागाच्या परिवहन शाखेत. तुमच्या आगार व्यवस्थापकांकडे ते नसतात. आणखी एक समजून घ्या : ही प्रतिपूर्ती म्हणजे शासनाने एसटीला केलेली मदत नव्हे. प्रवाशाने न दिलेल्या तिकिटाची ती किंमत आहे. प्रतिपूर्ती, भांडवली अनुदान आणि पगारासाठीची उचल या तिन्ही रकमा एकत्र मिळवून ‘एसटीला इतके कोटी दिले’ म्हणणं चूक, आणि त्या बेरजेवर अर्ज बेतणं त्याहून चूक.

बसस्थानकाची इमारत आणि आवार एसटीच्या स्थापत्य शाखेकडे असतं. पण काही स्थानकांच्या आवाराचं काँक्रिटीकरण एमआयडीसीमार्फत झालं आहे. तशा कामाची निविदा आणि मोजमाप एमआयडीसीच्या अभियंत्याकडे मिळेल.

रस्त्यावरची पिकअप शेड ग्रामपंचायत, जिल्हा परिषदेचा बांधकाम विभाग किंवा सार्वजनिक बांधकाम विभाग, यांपैकी कोणीही बांधलेली असू शकते. आमदार निधीतून असेल तर प्रशासकीय मान्यतेचा कागद जिल्हाधिकारी कार्यालयातल्या जिल्हा नियोजन समितीच्या शाखेत आणि बांधकामाची फाईल काम करणाऱ्या यंत्रणेकडे, म्हणजे एकाच शेडचे कागद दोन कार्यालयांत.

मुंबई-गोवा महामार्गाचंही तसंच. पनवेल ते इंदापूरचा पट्टा केंद्राच्या राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे; इंदापूरच्या खाली काम राज्याच्या सार्वजनिक बांधकाम विभागाच्या राष्ट्रीय महामार्ग शाखेकडे. प्राधिकरणाकडे अर्ज करायचा तर केंद्राचे नियम लागतात, या लेखातले राज्याचे नियम तिथे जसेच्या तसे लावू नका. जेट्टी, तरीची (होडीने पार नेण्याची) जागा, खाडीतली प्रवासी वाहतूक यांचे कागद महाराष्ट्र सागरी मंडळाकडे.

चुकीच्या कार्यालयात अर्ज गेला, तर माहिती अधिकार कायद्याच्या कलम ६(३) प्रमाणे त्यांनी तो पाच दिवसांत योग्य कार्यालयाकडे पाठवायचा असतो. प्रत्यक्षात ‘निरंक’ लिहून मोकळं होणं त्यांना सोपं जातं. म्हणून अर्जाच्या शेवटी एक ओळ कायम घाला : ‘ही माहिती आपल्या कार्यालयाशी संबंधित नसल्यास अर्ज कलम ६(३) नुसार संबंधित कार्यालयाकडे वर्ग करून मला कळवावे.’

*तपासा :* काम कोणी मंजूर केलं, पैसे कोणी दिले, काम कोणी केलं. या तीन प्रश्नांची तीन उत्तरं (कधी ती एकच असतील) वहीत लिहिली का? एखादं रिकामं असेल तर ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना (पूर्वीचे ग्रामसेवक) किंवा उपविभागाच्या कारकुनाला तोंडी विचारा. साधं विचारलं तर बहुतेक जण सांगतात.

टप्पा ३ : घरबसल्या मिळतं ते आधी काढा

शासन निर्णय महाराष्ट्र शासनाच्या संकेतस्थळावर विभाग आणि तारखेनुसार शोधता येतात. निधी वितरणाच्या शासन निर्णयात मागणी क्रमांक, लेखाशीर्ष (पैसा ज्या खात्यावर मांडतात त्याचा क्रमांक), रक्कम आणि नियंत्रक अधिकारी लिहिलेले असतात. हे चारही उतरवून घ्या. शेवटच्या परिच्छेदात सांकेतांक असतो, अर्जात तो दिलात की ‘कोणता शासन निर्णय?’ असं कोणी विचारत नाही. राज्याच्या ‘बीम्स’ या संकेतस्थळावर लेखाशीर्षाप्रमाणे तरतूद आणि खर्च दिसतो. निविदा ‘महाटेंडर्स’वर, ग्रामपंचायतीची देणी ‘ई-ग्रामस्वराज’वर.

इथे चार शब्द पक्के करा. घोषणा म्हणजे भाषणात सांगितलेला आकडा. तरतूद म्हणजे अर्थसंकल्पात धरलेला. वितरित म्हणजे खात्याला खरोखर सोडलेला. खर्च म्हणजे देयक निघून कोषागारातून गेलेला. या चार आकड्यांत मोठी तफावत असू शकते, आणि वर्षअखेर न वापरलेला पैसा परतही जातो, त्याला ‘समर्पित’ म्हणतात. घोषणेचा आकडा धरून आगाराकडे ‘तो पैसा कुठे गेला’ विचारलंत, तर उत्तर देणाऱ्याकडे खरोखरच उत्तर नसतं.

वर्ष मोजताना १ एप्रिल ते ३१ मार्च. ‘सन २०२४ मधील खर्च’ असं लिहिलंत की दोन आर्थिक वर्षांचे तुकडे होतात, आणि आलेला आकडा कशाशीच जुळत नाही.

टप्पा ४ : प्रश्न सोडा, कागदाची नावं लिहा

माहितीचा अधिकार २००५ च्या कायद्याने मिळतो, आणि कायद्याच्या भाषेत माहिती म्हणजे कार्यालयाकडे असलेला अभिलेख. ‘फेरी का बंद केली?’ हा खुलासा झाला. असलेल्या माहितीपलीकडे नवी माहिती तयार करून देणं किंवा मत देणं माहिती अधिकाऱ्यावर बंधनकारक नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सीबीएसईच्या प्रकरणात स्पष्ट केलं आहे. पण फेरी बंद करायच्या आधी कोणीतरी टिप्पणी लिहिली असेल आणि कोणीतरी सही केली असेल. ती टिप्पणी मागा. ‘का’चं उत्तर तिच्यातच असतं.

बांधकामाच्या कागदांची साखळी ठरलेली आहे : मागणीचा ठराव किंवा पत्र, अंदाजपत्रक, प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा आणि तुलनात्मक तक्ता, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तक, देयकं, पूर्णत्वाचा दाखला, उपयोगिता प्रमाणपत्र. शेवटी एक कागद लोक हटकून विसरतात : ठेकेदाराची सुरक्षा ठेव आणि दोषदायित्व कालावधी (ज्या मुदतीत काम बिघडलं तर ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचं) दाखवणारा. माझ्या गळक्या शेडचा निकाल त्याच कागदाने लागला, ते पुढे सांगतो.

फेरीच्या प्रकरणात मंजूर वेळापत्रक, रद्द फेऱ्यांची रोजची नोंद कारणासह, मार्गाचं महिनावार उत्पन्न आणि भारमान (गाडी किती टक्के भरली ते), फेरी बंद किंवा बदल करण्याचा आदेश आणि टिप्पणी. उत्पन्नाच्या कागदात एक खाच आहे. ‘या मार्गाला उत्पन्न नाही’ असं सांगितलं जातं, तेव्हा त्या उत्पन्नात सवलतीचं मूल्य धरलंय की नाही ते बघायला हवं. आमच्याकडे दुपारच्या गाडीत बाजाराला जाणाऱ्या बायका आणि दवाखान्याला जाणारे म्हातारेच असतात. त्यांच्या तिकिटाचा उरलेला भाग शासन देणार आहे. तो हिशेबाबाहेर ठेवला तर भरलेली गाडीही तोट्यात दिसेल. म्हणून रोख उत्पन्न आणि सवलत मूल्य वेगवेगळं दाखवणारा अहवाल मागा.

टप्पा ५ : अर्ज लिहिणे

महाराष्ट्राच्या नियमांत २०१२ मध्ये दोन अटी आल्या : एका अर्जात एकच विषय, आणि मजकूर साधारण १५० शब्दांच्या आत. दोन विषय घातलेत तर अधिकारी पहिल्यापुरतं उत्तर देऊन दुसऱ्यासाठी वेगळा अर्ज करायला सांगू शकतो. म्हणून फेरी आणि शेड एकत्र करू नका. दहा रुपये वाचवायला जाल आणि महिना घालवाल.

नमुना ‘जोडपत्र अ’ मध्ये अर्ज करा. फेरीसाठी मजकूर असा :

> विषय : (गाव) ते (गाव) मार्गावरील सकाळी ७.१० ची फेरी
> कालावधी : १ एप्रिल २०२४ ते ३१ मार्च २०२५
> हव्या असलेल्या माहितीचा तपशील :
> १. वरील फेरीच्या मंजूर वेळापत्रकाची प्रत.
> २. ही फेरी रद्द झालेल्या दिवसांच्या नोंदीच्या प्रती, कारणाच्या रकान्यासह.
> ३. या फेरीचे महिनावार रोख उत्पन्न, सवलत मूल्य व भारमान दाखवणाऱ्या अहवालाच्या प्रती.
> ४. फेरी बंद करणे किंवा वेळ बदलणे याबाबतचे आदेश व त्यापूर्वीच्या टिप्पणीच्या प्रती.
> ५. वरील अभिलेखांची प्रत्यक्ष पाहणी करू द्यावी. पाहणीनंतर आवश्यक प्रती निवडून घेईन.

शेडसाठी कामाचं नाव फलकावर जसं आहे तसं लिहा. ‘फाट्यावरची शेड’ असं लिहिलंत तर कारकुनाला फाईल सापडणार नाही, आणि त्यात त्याचा दोष नसेल. खाली साखळीतल्या कागदांची नावं ओळीने द्या.

माहिती कशाला हवी हे सांगायची गरज नाही, कलम ६(२) तसं स्पष्ट म्हणतं. अर्जात राग, आरोप, ‘भ्रष्टाचार’ हा शब्द, आधीच्या सरपंचाचं नाव, काही नको. चालकाची रजा असलं वैयक्तिक काही मागू नका. ते नाकारायला कायद्यात कलम आहे, आणि त्या एका ओळीचं निमित्त करून बाकीच्या चार ओळीही अडकतात.

*तपासा :* अर्ज शेजारच्याला वाचायला द्या. वाक्याच्या शेवटी ‘का’, ‘कसे’, ‘योग्य आहे काय’ कुठे आलं असेल तर ते खोडा.

टप्पा ६ : अर्ज देणे आणि दिवस मोजणे

शुल्क दहा रुपये. रोख भरून पावती घ्या, किंवा कोर्ट फी तिकीट लावा. तहसील कचेरीजवळच्या मुद्रांक विक्रेत्याकडे ते मिळतं. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला शुल्क नाही, पण दाखल्याची प्रत जोडावी लागते. ती विसरली की अर्ज त्रुटीत जातो. राज्याचं ऑनलाइन संकेतस्थळ आहे, मात्र त्याच्या यादीत तुम्हाला हवं ते कार्यालय असेल तरच त्याचा उपयोग.

स्वतः नेऊन द्यायचा तर दोन प्रती न्या. आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक आणि सही, चारही घ्या. नुसता शिक्का पुरत नाही, कारण अपिलात तारखेवरूनच वाद होतो. पोस्टाने पाठवायचा तर स्पीड पोस्टाने, आणि पोहोचल्याचा पुरावा छापून अर्जाला टाचून ठेवा.

दिवस असे मोजायचे : अर्ज मिळाल्यापासून तीस दिवस. मध्येच ‘इतक्या पानांचे इतके रुपये भरा’ असं पत्र आलं, तर ते निघाल्यापासून तुम्ही पैसे भरेपर्यंतचे दिवस त्या तीसांत धरत नाहीत. म्हणून पत्र आलं की लगेच पैसे भरा. दर साध्या पानाला दोन रुपये. मुदत उलटून गेल्यावर माहिती दिली तर कलम ७(६) प्रमाणे ती फुकट द्यायची असते. एकतिसाव्या दिवसानंतर पैशांची मागणी आली तर या कलमाचा उल्लेख करून लेखी उत्तर द्या, फोनवर वाद घालू नका.

टप्पा ७ : फाईल पाहायला जाणे

खूप लोक हा टप्पा सोडतात. प्रती पोस्टाने आल्या की झालं, असं त्यांना वाटतं. पण साठ पानांच्या फाईलीतली कुठली सहा पानं आपल्या कामाची, हे फाईल हातात घेतल्याशिवाय कळत नाही. पाहणीचा पहिला तास मोफत असतो. शिवाय शासनाच्या २६ नोव्हेंबर २०१८ च्या परिपत्रकाने जिल्हा आणि त्याखालच्या कार्यालयांत, तसंच स्थानिक स्वराज्य संस्थांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना अभिलेख पाहायला देण्याची सोय केली आहे. जिल्हा परिषद किंवा बांधकाम उपविभागात जायचं तर सोमवार धरा.

सोबत एक माणूस न्या, शक्यतो बांधकामातला. आपली वही, टेपने घेतलेली मोजमापं, पेन्सिल. फाईलवर खूण करू नका, पान दुमडू नका. हवं ते पान दिसलं की पान क्रमांक वहीत लिहा आणि शेवटी तेवढ्याच पानांच्या साक्षांकित प्रती मागा.

माझ्या शेडची फाईल एका सोमवारी दुपारी समोर आली. लाल फितीने बांधलेली, कडा पावसाच्या दमटीने फुगलेल्या. मोजमाप पुस्तक उघडलं. संख्या, लांबी, रुंदी, उंची, परिमाण असे रकाने. बसायच्या कट्ट्याची लांबी लिहिली होती ४.५० मीटर. माझ्या वहीत टेपने मोजलेली होती ३.६०. छातीत धस्स झालं. सोबतचा गवंडी कुजबुजला, ‘सापडला.’ मी पानं उलटत राहिलो. आठ-दहा पानांनंतर अंतिम देयकाच्या वेळची मोजणी होती. तिथे ३.६० लिहिलं होतं, आणि चालू देयकात (काम सुरू असताना दिलेल्या बिलात) जास्त गेलेली रक्कम ठेकेदाराकडून वळती केलेली होती. हिरव्या शाईत सही, तारीख, सगळं होतं. पहिल्याच पानावर थांबून बोभाटा केला असता, तर एका सरळ काम केलेल्या अभियंत्यावर मी आळ घेतला असता.

सापडायचं ते दुसरीकडे सापडलं. कार्यारंभ आदेशाच्या अटींत दोषदायित्वाचा कालावधी होता आणि तो संपायला अजून पाच महिने होते. ठेकेदाराची ठेव कार्यालयाकडेच होती. म्हणजे गळती दुरुस्त करायला नव्या निधीची गरज नव्हती, ठेकेदाराने स्वखर्चाने करून द्यायची होती. कोणी लेखी कळवलंच नव्हतं. त्या दोन पानांच्या प्रती जोडून ग्रामपंचायतीमार्फत पत्र गेलं, आणि पत्रे बदलले.

*सावधान :* मोजमाप पुस्तक नेहमी अंतिम देयकापर्यंत वाचा. मधल्या नोंदीवरून कोणाचं नाव घेऊ नका.

काम चालू असेल तर कलम २(ञ) प्रमाणे प्रत्यक्ष कामाची पाहणी आणि साहित्याचे प्रमाणित नमुनेही मागता येतात.

टप्पा ८ : नकार आला तर

उत्तर आलं की आधी लिफाफ्यावरची तारीख वहीत लिहा. मग नकाराचं कलम बघा. कलमच दिलं नसेल, तर तोच अपिलाचा पहिला मुद्दा.

‘माहिती विस्तृत आहे’ : कलम ७(९) मागितलेल्या स्वरूपात देण्यापुरतं आहे. त्या आधाराने दुसऱ्या स्वरूपात देता येईल, सरसकट नाकारता येत नाही. म्हणून तर अर्जात पाचवी ओळ पाहणीची ठेवली.

‘त्रयस्थ पक्षाची, व्यापारी गुपिताची माहिती’ : ठेकेदाराची देयकं आणि मोजमाप सरकारी पैशाचा हिशेब आहेत. काही भाग खरोखर गोपनीय असेल तर कलम १० प्रमाणे तेवढा झाकून बाकीचा द्यावा, असं लिहा.

‘अभिलेख आढळून येत नाही’ : माहिती नाकारायची कारणं कलम ८ मध्ये आहेत, त्यांत हे कारण नाही. अपिलात मागणी करा की शोध घेऊन लेखी अहवाल द्यावा आणि अभिलेख गहाळ असल्यास जबाबदारी निश्चित करावी.

पहिलं अपील त्याच कार्यालयातल्या वरिष्ठ अधिकाऱ्याकडे, ‘जोडपत्र ब’ मध्ये, वीस रुपये शुल्क. मुदत तीस दिवस, उत्तर मिळाल्यापासून किंवा उत्तराची मुदत संपल्यापासून. निकाल तीस दिवसांत, कारणं नोंदवून जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत. सुनावणीला जाच. एकच पान न्या : काय मागितलं, काय मिळालं, काय बाकी, असे तीन रकाने. मोठं भाषण ऐकायला तिथे कोणाला वेळ नसतो, हे तीन रकाने मात्र निकालपत्रात उतरतात.

दुसरं अपील राज्य माहिती आयोगाच्या कोकण खंडपीठाकडे, नव्वद दिवसांत, ‘जोडपत्र क’, पुन्हा वीस रुपये. इथे वाट पाहावी लागते, आणि बरीच. कलम १८ ची तक्रार आणि कलम १९ चं अपील यांत गल्लत करू नका. तक्रारीवर आयोग अधिकाऱ्याला दंड लावू शकतो, दिवसाला २५० रुपये, कमाल २५,०००. पण कागद मिळवायचा रस्ता अपिलाचा आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच मणिपूरच्या प्रकरणात सांगितलं आहे. रागाच्या भरात नुसती तक्रार करणाऱ्यांची वर्षं जातात आणि हाताला कागद लागत नाही.

वाट पाहताना हातावर हात ठेवून बसू नका. अर्ज नीट, छोटा आणि योग्य कार्यालयाकडे करून पुन्हा द्यायला कायद्याने बंदी नाही. अपिलाच्या निकालाआधी नव्या अर्जाने कागद मिळाल्याचं मी पाहिलं आहे.

टप्पा ९ : कागद हातात आल्यावर

एका कोऱ्या कागदावर तारखांची रांग लावा : मान्यता, कार्यारंभ, मोजमाप, देयक, पूर्णत्व. क्रम उलटा दिसला, म्हणजे देयक आधी आणि मोजमाप नंतर, किंवा पूर्णत्वाचा दाखला ३१ मार्चचा आणि तुमच्या फोटोत मे महिन्यात अर्धवट भिंत, तर ती गोष्ट दोन ओळींत लिहून पान क्रमांक द्या. फेरीच्या प्रकरणात तुमची वही आणि रद्द फेऱ्यांची नोंद समोरासमोर ठेवा. वहीत गाडी नाही आणि नोंदीत फेरी झालेली आहे, असे दिवस वेगळे काढा. ‘चालक उपलब्ध नाही’ आणि ‘गाडी नादुरुस्त’ ही कारणं वेगवेगळी मोजा, कारण पहिल्याचा उपाय भरतीत आहे आणि दुसऱ्याचा कार्यशाळेत.

मग पायऱ्या चढा, खालून वर. आधी आगार व्यवस्थापक किंवा उपअभियंता, पंधरा दिवस देऊन. नंतर विभाग नियंत्रक किंवा कार्यकारी अभियंता. ग्रामसभेत कागद वाचून ठराव घ्या. एका माणसाच्या पत्राची घेतली नाही तरी ठरावाची नोंद घ्यावी लागते. जिल्हा पातळीवर महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो, त्याला अर्ज आधी द्यावा लागतो, ऐन दिवशी नव्हे. आमदारांना भेटायचं तर निवेदनाबरोबर तयार प्रश्न न्या, लेखाशीर्ष आणि आकड्यांसकट. विधिमंडळात तोच तारांकित प्रश्न होऊ शकतो. महामंडळाच्या लेख्यांचं परीक्षण महालेखापालांकडे आहे. विधिमंडळाच्या सार्वजनिक उपक्रम समितीसमोर महामंडळाला उत्तर द्यावं लागतं, हेही त्या भेटीत आठवण करून द्या.

मूळ प्रती कोणालाही देऊ नका, पत्रकारालाही नाही. पावसाळ्यात कागदाला बुरशी धरते, म्हणून प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पत्र्याच्या पेटीत ठेवा, आणि मोबाइलवर पानोपान फोटो काढून गावातल्या आणखी दोघांकडे पाठवून ठेवा. वरच्या पानावर कामाचं नाव, अर्जाचा आवक क्रमांक आणि पुढच्या मुदतीची तारीख मोठ्या अक्षरात लिहा.